शहागडातलं कोकण

सगुणाबाईंच्या थोरल्या बहीण चतुराबाई कोकणातलं गरम पाण्याचं कुंड पाहून आल्यापासून रामरावांना चैन नव्हती. दर भेटीत तेच वर्णन: माडांची सावली, गळ्यापर्यंत ऊन पाणी आणि मोकळे झालेले गुडघे. सगुणाबाई मुकाट्याने ऐकत आणि उठताना भिंत धरत. रामरावांना ते भिंत धरणंच मनाला लागायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि गोदावरीच्या पुलापलीकडे त्यांनी बायकोला कुठे नेलं नव्हतं.

ही शहात्तरच्या पौषातली गोष्ट. तेव्हा थंडीत शिवारभर गुळाचा वास असायचा. एका पहाटे पाण्याचं इंजिन सुरू करताना रामरावांना विहिरीतून वाफा निघताना दिसल्या. पाणी हाताला कोमट लागलं. थंडीत कुठल्याही विहिरीचं पाणी पहाटे असंच लागतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्यांना ते आठवायचं नव्हतं.

"खाली झरा हाय," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं. "कोकण हितंच करू."

आठ दिवसांत विहिरीजवळचा हौद चुन्याने पांढरा झाला. भोवती केळी लागल्या. माड मिळेनात, म्हणून बांबूंना शिंदीच्या झावळ्या बांधल्या आणि देवळातून आणलेले नारळ सुतळीने वर लटकवले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ट्रकवाल्याने थांबून विचारलं, लग्न कुणाचं आहे. रामरावांनी मनावर घेतलं नाही. चतुराबाईंना रविवारी सकाळच्या गाडीने यायचा निरोप गेला.

गाडी वाटेत पंक्चर झाली. चतुराबाई उतरल्या तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि हौदातलं पाणी गारढोण.

बहिणी घरात चहा घेत होत्या तेवढ्यात रामरावांनी बांध ओलांडून मच्छिंद्राचं गुऱ्हाळ गाठलं. चुलवणावरची रस आटवायची काहील नुकतीच रिकामी झाली होती.

"एक काहील पाणी तापवून दे. जल्दी."

"रामराव, काहिलीत गूळ चिकटलेला हाय. एक आधण उतरलं की त्यावरच दुसरा रस. हंगामात धूत न्हाई कुणी."

"पाणी गरम व्हतंय ना? मंग बास."

गडी लावून तापल्या पाण्याचे डबे हौदात ओतले गेले. पाणी जरा तांबूस दिसलं. रामराव म्हणाले, गंधकाचा रंग. उसाच्या पाचटाचा आडोसा केला आणि दोघी बहिणी लुगड्यासकट हौदात उतरल्या. रामराव आडोशाबाहेर कान देऊन उभे राहिले.

"बराबर कोकणासारखं हाय गं, सगुणे," चतुराबाईंचा आवाज आला. रामरावांना आठ दिवसांत पहिल्यांदा खोल श्वास घेता आला.

थोड्या वेळाने चतुराबाई केस वाळवायला काठावर उन्हात बसल्या. केस वाळले ते दोरखंडासारखे. लुगडं अंगाला चिकटलं, बोटं एकमेकांना चिकटली. मग केळीच्या बुंध्यातून मुंगळे निघाले, एकामागे एक, वरातीसारखे. चतुराबाई दोन्ही हातांनी अंग झाडत ज्या वेगाने घराकडे पळाल्या, तो पाहता कोकणच्या पाण्यात खरोखरच गुण असावा.

"सगुणे, बाहेर निघ आधी," त्या पळता पळता ओरडल्या.

रामराव आडोशाशी आले. आता बायकोला काय तोंड दाखवायचं, हे त्यांना समजत नव्हतं.

"चुकलं माझं," ते पाचटाकडे बघत म्हणाले. "झरा न्हाई. मच्छिंद्राच्या काहिलीतलं पाणी हाय ते. ये बाहेर, मुंगळे डसतील."

"पाण्यात येत न्हाईत मुंगळे," आतून शांत आवाज आला. "अन् पंधरा वर्सं गुऱ्हाळावर खपले मी. पाय घातला तवाच कळलं मला."

"मंग बोलली का न्हाईस?"

आत पाणी हललं.

"अहो," सगुणाबाई म्हणाल्या, "निवत चाललंय. अजून दोन डबे आणता का?"

रामरावांनी डबे उचलले आणि या वयात शोभणार नाही अशा वेगाने बांध ओलांडला.