घरपोच आभार

एसटी जालन्याच्या स्टँडवर लागली की उतारू रिक्षाकडे पळतात. आमचे शेजारी शेषराव नाना ड्रायव्हरच्या खिडकीकडे पळतात. "बराबर आणलं बरं का. बिलकुल धक्का न्हाई." मग कंडक्टरची पाळी. एकदा तर त्यांनी मला ओढत डेपोत नेलं आणि चाकं बसवणारा मेकॅनिक हुडकून काढला. तो बिचारा घाबरला. "का हो, चाक निघालं का?"

"न्हाई निघालं, म्हणूनच आलो," नाना म्हणाले.

नाना देव मानत नाहीत. आमच्या मंठ्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण नानांनीच ते सगळ्यांना सांगितलंय. पण माणूस भारी हरखणारा. मेथीची भाजी चांगली झाली तरी यांना भरून येतं, आणि मग आभार मानल्याशिवाय चैन पडत नाही. बाजारच्या दिवशी मेथीवालीला गाठणार. गेलेली वीज आली की खांबाखाली जाऊन उभे राहणार. लाईनमन बराच वेळ उतरतच नाही, कारण खाली थांबलेला माणूस शिव्या द्यायलाच आलेला असतो असा त्याचा अनुभव.

"नाना, एकदा देवाला हात जोडून मोकळे व्हा की," मी चिडवायचो.

"तुमचं सोपं हाय भाऊ. एका जागी हात जोडले की भागलं. माझ्याकडं तो न्हाई, मंग मला दारोदार जावं लागतं."

"देव मानला असता तर चपला तरी टिकल्या असत्या," आतून काकू, म्हणजे नानांची बायको, म्हणायच्या. मला हे दोघं फार आवडायचे, सांगूनच टाकतो.

गेल्या दिवाळीच्या सुमारास काकू जालन्याला दवाखान्यात होत्या. बोलणं बंद झालं होतं. रक्ताची पिशवी लावली, तशा त्या बोलायला लागल्या. चार दिवस बोलल्या, आणि गेल्या. नानांनी तेरावं घातलं नाही. त्या दिवशी ते दवाखान्यात गेले आणि डॉक्टर, सिस्टर, फरशी पुसणाऱ्या मावशी, सगळ्यांना भेटून आले. रक्त देणारा तेवढा राहिला. रक्तपेढीत त्याचं नाव सांगेनात.

"सगळे झाले भाऊ. तोच राह्यला," एवढं बोलून नाना ओट्यावर बसून राहिले. मला त्यांची काळजी वाटली.

पण बसून राहतील ते नाना कसले. आसपास कुठंही रक्तदान शिबिर असलं की हे हजर. प्रत्येक खाटेशी वाकून विचारतात, "दिवाळीच्या टायमाला जालन्यात दिल्तं का?"

परवा मंठ्यातल्या शिबिरात मीच खाटेवर होतो. नाना धावत आले. "भाऊ, तुम्ही? दिवाळीला दिल्तं?"

"दिलं होतं. जालन्यातच."

नानांचे डोळे असे चमकले की खोटं बोलावं वाटलं. पण काकूंचा रक्तगट बी होता. "नाना, माझा ए आहे हो."

नानांनी चक्क हात जोडले. "तुमचं रक्त ज्याला लागलं, तोबी तुम्हाला हुडकून राह्यला असंल. त्याला तुम्ही घावणार न्हाईत. त्याच्या वतीनं मी म्हणतो, लई उपकार झाले."

माझ्या हातात सुई होती, उठता येईना. "मग तुमच्या माणसाच्या वतीनं मी ऐकतो," मी म्हणालो. "बोला नाना."

स्टँडभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज, पण मला कान द्यावा लागला.

"चार दिवस बोलली हो माझ्याशी," ते म्हणाले, आणि माझा मोकळा हात धरून खाटेवर टेकले.