न्हाव्यापासून पुढे दोनदा

"बाबा, आय फरगॉट एव्हरीथिंग," रुचा फोनवर रडत होती. तिकडे अल ऐनच्या विद्यापीठात तिच्या बायोकेमिस्ट्रीच्या फेरपरीक्षेला अर्धा तास उरला होता. इकडे दुबईतल्या करामा भागात तिचे वडील, आमचे शेजारी करंदीकर, माझ्या स्वयंपाकघरात सवयीने टाय लावून पोळी खात होते. फोन कानाला लावून, तुकडा मुठीत धरून ते सपाता घालूनच जिना उतरले. त्यांची बायको सामान घेऊन पुढे पुण्याला गेलेली. म्हणून मागे मी गेले.

करंदीकर इमारती बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मंदी आली, क्रेन थांबल्या, नोकरी गेली. व्हिसा रद्द. देश सोडायला एक महिना. मुलगी त्यांच्याच व्हिसावर. ती पास झाली तर विद्यापीठ तिला आपला व्हिसा देणार होतं, नाहीतर तिनेही बॅग भरायची. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"पेपर झाल्यावर सांगतो, काकू. आधीच घाबरट आहे ती."

मलाही तोंड बंद ठेवायला लावलं. ते मला फार जड गेलं.

रिकामे झाल्यावर ते मुलीचं पुस्तक वाचायला बसले. शरीर साखरेतून ताकद कशी काढतं, त्याच्या दहा पायऱ्या. मी चौथी शिकलेली, पण मलाही पाठ झाल्या, कारण त्यांनी त्या आमच्या गल्लीवर बसवल्या आणि रोज फोनवर पोरीला गल्लीतून फिरवलं. पहिली पायरी दारातला वॉचमन. साखर आत आली की तो शिक्का मारतो, मग तिला बाहेर जाता येत नाही.

"म्हणजे व्हिसा," मी म्हटलं.

"उलटा व्हिसा, काकू! तत्त्व सोपं आहे."

चौथा न्हावी. तो साखर कापून दोन तुकडे करतो. तिथून पुढे सगळं दोनदा. म्हणून करंदीकरही तिथून पुढचा प्रत्येक टप्पा दोनदा चालायचे. जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. लोक म्हणत, मंदीने माणूस कामातून गेला. मीही म्हणत होते.

त्या दिवशीही खाली पोचताच ते फोनवर म्हणाले, "दारात उभी राहा. वॉचमन काय करतो?"

"स्टॅम्प."

"यल्ला, चल, पुढचं दुकान."

तिसऱ्या पायरीला ती अडली. "बाबा, टेलर तर बंद झाला ना?"

"शटरकडे बघू नकोस. तो काय करायचा ते सांग."

"अनदर स्टॅम्प!"

न्हाव्यापासून त्यांच्या येरझाऱ्या सुरू झाल्या. सातव्या पायरीचा मलबारी किराणावाला घाबरून बाहेर आला. "क्या हुआ, साब?"

"हबीबी, तुम सात नंबर हो, हिलो मत!"

दहावी पायरी बसस्टॉप. पोरीने ती घडाघडा सांगितली. मग म्हणाली, "व्हाय आर यू पँटिंग, बाबा? ऑफिसला नाही गेलात?"

"ऑफिसच्याच जिन्यात आहे. लिफ्ट बंद." फोन ठेवला.

तेवढ्यात नोकरी असतानाची त्यांची रोजची बस आली. ड्रायव्हरने ओळखीने दार उघडं धरलं. करंदीकरांनी एक पाय वर ठेवला, मग काढून घेतला.

"आज नाही," म्हणाले आणि बाकावर बसले. पोळीचा तुकडा अजून मुठीतच होता.

"काकू, तिला कळलं नसेल ना?"

"नाही. खाऊन टाका ती पोळी."

रुचा पास झाली, अल ऐनला राहिली. करंदीकर महिना भरायच्या आत पुण्याला गेले. मी अजून इथेच आहे. दूध आणायला त्याच गल्लीतून जाते. न्हाव्यापासून पुढे एकदाच चालते.