परबकाकांचं बिनगुठळीचं तवकील

परबकाका चमचा आधी उजेडाला धरत आणि मगच तोंडात जाऊ देत. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या.

त्यांच्या घरी कोणी वाटी हातात घेऊन पहिला चमचा उचलला, की काका मध्येच मनगट धरायचे. "थांब रे." मग तो चमचा मनगटासकट खिडकीकडे वळायचा. काका एक डोळा मिटून त्यातला जांभळा, चकचकीत ऐवज निरखायचे आणि निकाल द्यायचे, "गुठळी नाय. जा आता पोटात." ही परवानगी मिळेपर्यंत पाहुण्याने तोंड उघडं ठेवून बसायचं असे.

चमच्यात असायचं जांभळाचं तवकील. तवकील म्हणजे कोकणात एका कंदापासून धुऊन धुऊन काढलेलं पांढरंशुभ्र पीठ. फळाचा रस गाळून उकळायचा, थंड पाण्यात कालवलेलं तवकील त्यात सोडायचं आणि हात न थांबवता ढवळायचं. थोड्या वेळात रस काचेसारखा होतो. पीठ काकांचा भाऊ कुडाळहून धाडायचा. दुकानातल्या आरारूटाला ते 'कपड्याची खळ' म्हणत. जांभळं बोरिवली स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांकडून यायची. जांभळं संपली की करवंदं, कोकम, काळी द्राक्षं. फळ बदलायचं, निश्चय तोच.

आमच्या वसाहतीत काका तळमजल्यावर एकटे राहत. काकी वारल्या त्यानंतर कधीतरी आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. आम्ही म्हणजे आई आणि लग्न राहून गेलेला मी. मला कोणाला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हटल्यावर झोप येत नाही, त्यामुळे काकांच्या तवकिलाचा सर्वांत जास्त वाटा माझ्या पोटात गेला असावा.

वसाहतीत कोणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी काका पोचायचे. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट "जीभ काढ." जीभ पांढरी असली की तवकील, पिवळी असली की तवकील, गुलाबी असली की "आता बरी आहे, पण बिघडेल," म्हणून तवकील. पित्त, जुलाब, परीक्षेची धास्ती, सगळ्यांना एकच वाटी. समोरच्या गोडबोल्यांना मात्र मिळत नसे. त्यांना मधुमेह.

"अहो, जांभूळ मधुमेहाला चांगलं म्हणतात ना?" गोडबोले आशेने विचारायचे.

"जांभूळ चांगलं. पण मी त्यात साखर घालतो नि पीठ घालतो. पीठ पोटात गेलं की त्याचीपण साखरच होते. तुमच्याकडे आहे तेवढी बस झाली ना, यार. नुसती जांभळं खा."

गोडबोले पासष्टीचे होते. त्यांना 'यार' म्हणणारा वसाहतीत हा एकच माणूस.

एका वर्षी आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण खाणं परत येईना. पेज कडू, दूध कडू, औषध तर कडूच. डॉक्टर मला जिन्यात नेऊन म्हणाले, "आता औषधाचं काम संपलं. यांनी खाल्लं नाही तर या उठायच्या नाहीत." मी रोज ऑफिसला जायचो आणि दिवसभर टेबलाशी बसून, आपण इथे का बसलोय, असा विचार करायचो.

काका वाटी घेऊन हजर झाले. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती मूळची मालवणची, हट्टात काकांना पुरून उरणारी.

"वयनी, खावा."

"पातळाक घालतत ती खळ मी पोटात घालू?"

"पातळ ताठ उभा रवता मा? तुमीपण रवशात."

आई हसली नाही. वाटी परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. वाटी परत जायची आणि पुन्हा यायची. काकांचा चेहरा मात्र पहिल्यांदाच आल्यासारखा असे.

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "द्या की. पचायला हलकं आहे, थोडी शक्ती येईल. पण जादू काही नाही हो त्यात. शेवटी पिष्ट पदार्थ आणि साखर. अंग भरायचं तर दूध, डाळ, अंडं जायला पाहिजे."

हे काकांना सांगावं की नाही, यावर मी एक रात्र तळमळलो आणि सकाळी सांगून टाकलं. वाटलं, माणूस मोडून जाईल. काका शांतपणे पातेलं घासत होते.

"डॉक्टर बरोबर बोलला," ते म्हणाले. "पण आधी तोंड तर उघडायला पाहिजे ना? तवकील दार उघडतं. डाळ मागून येते."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पेज गरम करत होतो. बाहेर काका वाटी घेऊन आईपाशी बसले होते. आईचा आवाज आला, क्षीण, पण वैतागलेला. "भावजीनू, त्या गुठळीच्या मागे इतके कित्याक लागतास? हातभर चमचो उजेडाक धरतास."

चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "बायकोक शेवटी शेवटी घशाखाली काय जायत नव्हता. एक दिवस तवकील मागितल्यान. माका येय नव्हता. उकळत्या रसात कोरडाच पीठ टाकलंय. सगळे गुठळे. आतसून पांढरे, कच्चे."

"मग?"

"तिना खाल्ल्यान. सगळा. म्हणता कशी, बरा झाला. गिळताना तिचो गळो दिसायचो माका."

पेज उतू गेली. मी गॅस बंद केला, पण बाहेर गेलो नाही.

"हाडा हंय ती वाटी," आई म्हणाली.

मी दारातून पाहिलं. काकांनी चमचा खिडकीकडे धरला होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग तो आईच्या तोंडाशी नेला. त्या दिवशी अर्धी वाटी गेली. त्या आठवड्यात डाळीचं पाणी मागून आलं, मग मऊ भात, मग एका सकाळी अंडं. आई उठून बसली, आणि उठून बसल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे तवकिलात साखर जास्त असते असं काकांना सुनावलं.

पुढच्या फेब्रुवारीत काकाच तापाने पडले. आई तेव्हा सांताक्रूझला मावशीकडे होती. काकांची जीभ बघायला कोणी नव्हतं. त्यांच्याच फडताळातलं पीठ घेऊन मी वर आलो, काळी द्राक्षं उकळली, रस गाळला, पीठ थंड पाण्यात नीट कालवलं. सगळं काकांसारखं. ढवळत असताना दाराची घंटा वाजली. इस्त्रीवाला कपडे घेऊन आला होता. मी हात थांबवून दार उघडलं, कपडे घेतले, परत आलो. तेवढ्यात पातेल्यात बेटं तयार झाली होती. चमच्याने दाबून बघितली. फुटेनात. द्राक्षं संपली होती. गरम आहे तोवर न्यावं म्हणून तशीच वाटी भरली.

काका उशीला टेकून बसले. मी सवयीने पहिला चमचा खिडकीकडे धरला. उजेडात तीन गुठळ्या स्वच्छ दिसल्या. काकांनाही दिसल्या असणार, त्यांची नजर तिकडेच होती.

"काका, हे जरा..."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि चमचा खिडकीकडून स्वतःच्या तोंडाकडे वळवला. मग वाटीच हातात घेतली. उजेडाला काहीच धरलं नाही. एकेक चमचा जात राहिला. अशक्तपणाने त्यांची मान बारीक झाली होती, आणि गुठळी उतरताना गळा हललेला मला समोरून दिसत होता.

वाटी चाटूनपुसून त्यांनी माझ्या हातात दिली.

"बरा झाला," काका म्हणाले. "अजून आसा?"