सभागृहात हरवलेला 'न'

आमदार उदयसिंह ऊर्फ आबा खणदाळे यांनी जलसमृद्ध क्षेत्र विधेयकाला कडाडून विरोध केला आणि त्याच दिवशी त्याच्या बाजूने मतही दिलं. लोकशाहीत असं होत असतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी झाल्या असत्या, तर कोणाचं लक्षही गेलं नसतं. पण आबांना कामाचा उरक फार.

विरोध सकाळी झाला. विधान भवनाच्या पायऱ्यांवर आबा कमरेला टायरची ट्यूब आणि डोळ्यांवर पोहण्याचा चष्मा लावून उभे राहिले आणि कॅमेऱ्यांकडे बघत गरजले, "हे विधेयक माझ्या मढ्यावरनं पुढं जाईल!" ट्यूबमध्ये हवा त्यांचा स्वीय सहायक प्रसेनजीत कुरणे याने भरली होती. पहिल्या खेपेला ट्यूब नीट फुगलेली दिसेना, म्हणून आबांनी पुन्हा भरायला लावली आणि मढ्याचं वाक्य पुन्हा म्हटलं.

विधेयक तसं साधं होतं. ज्या गावात नदीचं पाणी वारंवार शिरतं, तिथे ते शिरणं ही आपत्ती नसून नित्यक्रम आहे, असं त्यात नमूद केलं होतं. आणि नित्यक्रमाला मदत देण्याची प्रथा कुठल्याच शासनात नसते. सबब, अशा गावांना यापुढे 'पूरग्रस्त' न म्हणता 'जलसमृद्ध' म्हणावं. जलसमृद्ध गावाला पंचनामा नाही, अनुदान नाही. वेशीवर एक निळी कमान मात्र सरकारी खर्चाने मिळेल. शिरोळ तालुक्यातलं कृष्णाकाठचं चिंचमळा हे गाव या समृद्धीत अग्रभागी होतं. प्रसेनजीत तिथलाच. त्याची आई तानूबाई अजून तिथेच राहत होती. म्हणून ट्यूबमध्ये हवा भरताना त्याने मनापासून भरली होती.

मत संध्याकाळी पडलं. विधेयक पुकारलं गेलं, तसे विरोधी पक्षाचे सगळे सदस्य घोषणा देत सभात्याग करून बाहेर गेले. आबा गेले नाहीत. ते झोपले होते. दुपारचं जेवण जड झालं होतं आणि सभागृह गार होतं. अध्यक्षांनी विचारलं, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." सत्ताधारी बाकांवरून 'होय' असा एकच गजर झाला. त्या आवाजाने आबा दचकून जागे झाले. शाळेत मास्तर हजेरी घेताहेत आणि आपलं नाव पुकारलं गेलंय, असं त्यांना वाटलं असावं. ते ताडकन उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"हाय!"

वरच्या गॅलरीत बसलेल्या प्रसेनजीतने कपाळावर हात मारून घेतला. खाली संबंधित मंत्र्यांनी भारावून बाक वाजवला. विरोधी बाकांवर उपस्थित असलेल्या एकमेव सन्माननीय सदस्यांनीही पाठिंबा दिल्याबद्दल त्यांनी सभागृहाचे आभार मानले आणि विधेयक एकमताने संमत झालं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ती चित्रफीत आबांच्या आधी पोचली. मंगळवार पेठेतल्या संपर्क कार्यालयासमोर लोक जमले. पक्षाने खुलासा मागवला. आबांनी आधी सांगितलं, की मी सभागृहात नव्हतोच. पण चित्रफितीत ते दिसत होते. मग सांगितलं, की तो आवाज माझा नव्हे. पण तसला आवाज पंचगंगेपासून कृष्णेपर्यंत दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्याच आवाजावर ते तीनदा निवडून आले होते. तिसरा खुलासा सुचेना, तेव्हा आबा आतल्या खोलीत टॉवेलने मान पुसत बसले.

"प्रसेनजीत, लेका, काय तरी सुचीव. ह्या बारीला तिकीट गेलं म्हणून समज."

प्रसेनजीत मराठीचा पदवीधर होता. पुष्कळ शिकलेल्या माणसाला खोटं बोलायचं नसतं. तो फक्त शक्यता सुचवतो.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही 'हाय' म्हणालासा. पर 'हाय'च्या आधी 'न' असता तर?"

आबांचा टॉवेल मानेवरच थांबला. "म्हंजे?"

"आपल्याकडं नाही म्हणायला काय म्हणतात? न्हाय. तुम्ही न्हायच म्हणालासा. माइकनं 'न' खाल्ला."

आबांनी टॉवेल खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खाल्लाच की," ते म्हणाले. "आरं, मला बी तवाच वाटलंतं, काय तरी गेलं म्हणून."

पत्रकार परिषदेत आबांनी एक तास फक्त 'न' या अक्षरावर घालवला. विधेयकाचा उल्लेख राहून गेला. साक्षी नावाच्या एका तरुण बातमीदार मुलीने विचारलं, "आमदारसाहेब, 'न' ऐकू आला असता तरी विधेयक मंजूर झालंच असतं ना? मग चिंचमळ्याच्या लोकांचं काय?"

आबा टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "ताई, हा एका कायद्याचा प्रश्न न्हाय. मुंबईच्या माइकला कोल्हापूरची भाषा कळत न्हाय, हा प्रश्न हाय! आज आमचा 'न' खाल्ला. उद्या आमचा रस्सा खातील!"

टाळ्या पडल्या. पत्रकारांनीच वाजवल्या. साक्षीचा पुढचा प्रश्न त्यात बुडाला. तिच्या शेजारचा फोटोग्राफर तिला म्हणाला, "तू पुण्याची काय गं?" ती कोल्हापुरातल्याच राजारामपुरीतली होती.

त्या दिवसापासून कोल्हापूर पेटलं. 'न' परत मिळालाच पाहिजे, यावर सर्व थरांत एकमत झालं. रिक्षांच्या पाठीवर 'न' चढला. तालमीतल्या पोरांनी दंडावर 'न' गोंदवून घेतला. एका हॉटेलने पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत कोथिंबिरीने 'न' काढून द्यायला सुरुवात केली आणि दर थोडा वाढवला. बिंदू चौकात धरणं सुरू झालं. भाषातज्ज्ञांच्या एका शिष्टमंडळाने निवेदन दिलं, की कोल्हापुरी 'न्हाय'मधला 'न' हा अर्धा असल्याने तो माइकला दिसणं अवघड आहे. या निवेदनात 'न'ला अर्धा म्हटल्याबद्दल शिष्टमंडळाच्या अध्यक्षांच्या घरावर शेण टाकण्यात आलं. दोन दिवस शहर कडकडीत बंद राहिलं. दूधगाड्यासुद्धा अडवल्या.

प्रसेनजीतला पहिल्यांदाच आपल्या पदवीचा अभिमान वाटला. आबा त्याला गाडीत आता पुढच्या सीटवर बसवू लागले.

याच सुमारास पावसाने जोर धरला. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, तिकडे कृष्णाही फुगली, आणि पाणी नित्यक्रमाप्रमाणे चिंचमळ्यात शिरलं. आंदोलनाच्या बातम्यांमुळे वर्तमानपत्रांत त्याला जागा मिळाली नाही.

प्रसेनजीत गावी पोचला, तेव्हा गावाबाहेरच्या उंचावरच्या शाळेत सगळे येऊन बसले होते. नव्या कायद्यान्वये ती छावणी नव्हती. 'जलसमृद्धी काळातील ऐच्छिक निवास' होता. ऐच्छिक असल्यामुळे जेवण ज्याने त्याने आणायचं होतं. वर्गाच्या एका कोपऱ्यात तानूबाई एका बोचक्यावर बसली होती.

"घर?" त्याने विचारलं.

"मागली भिंत गेली. वरलं माळवद कलतं झालंय." ती शांतपणे म्हणाली. "तुझ्या बाच्या हातची भिंत हुती. तलाठी आलता. मी म्हणालो, लिहून घ्या की सायेब. तर म्हणाला, आजी, तुमचं नुकसान झालेलंच न्हाय. तुमी समृद्ध झालायसा."

प्रसेनजीत तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"तुझा आमदार तर पायऱ्यांवर ट्यूब घालून उभा हुता. टीव्हीवर बघितलो मी. मग ह्यो कायदा झाला कसा?"

"मुंबईत... 'न' ऐकू आला न्हाय, आई."

तानूबाईने त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो शाळा चुकवून नदीवर जायचा आणि ओल्या केसांनी घरी येऊन गणिताचा तास लांबला म्हणून सांगायचा, तेव्हा ती असंच बघायची.

तो तसाच चिखलातून परत फिरला आणि आबांपुढे जाऊन उभा राहिला. आबा आंदोलनाच्या मांडवात केळी खात होते.

"आबा, 'न' राहू द्या. मागणी बदला. कायदा मागं घ्या म्हणूया. सगळं कोल्हापूर रस्त्यावर हाय, आत्ताच होईल."

आबांनी केळ संपवलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते वडिलकीने म्हणाले, "हे बघ, सरकार कायदा मागं घेणार न्हाय. पर 'न' देईल. जे मिळणार हाय तेच मागावं. हेला अभ्यासू विरोधक म्हणतात."

"आबा, आमचं घर पडलंय."

"कुणाचं? तुझं?" आबांना खरोखर वाईट वाटलं. "आरं, आदी सांगायचं न्हाईस? तुझं येगळं बघू की. बोलतो मी मंत्र्यास्नी. त्यांचं माझं चांगलं हाय."

त्या क्षणी प्रसेनजीतला कळलं, की आबांना जागं असताना विचारलं असतं, तरी उत्तर तेच आलं असतं. पण हे बोलायला वेळच मिळाला नाही. कारण मांडवात एकदम फटाके वाजू लागले होते. सरकार झुकलं होतं.

शासनाने मोठ्या मनाने सभागृहाच्या वृत्तान्तात दुरुस्ती केली होती. सन्माननीय सदस्य खणदाळे यांचं 'हाय' आता 'न्हाय' असं वाचलं जाणार होतं. त्यामुळे विधेयक एकमताने संमत न होता प्रचंड बहुमताने संमत झालं, असं नोंदवलं गेलं. याखेरीज सभागृहातले सर्व माइक बदलण्याचं आश्वासन मिळालं. कायदा होता तसाच राहिला.

विजयी मिरवणूक जिल्हाभर फिरली आणि चौथ्या दिवशी चिंचमळ्याच्या वाटेला लागली. गावात अजून पाणी होतं, म्हणून ती शाळेच्या मैदानात आली. पुढे हलगी, मागे फुलांनी मढवलेला ट्रॅक्टर, त्यावर गुलालाने माखलेले आबा, आणि त्यांच्या दोन्ही हातांत थर्माकोलचा पुरुषभर 'न'. शाळेतली सगळी माणसं व्हरांड्यात येऊन उभी राहिली.

प्रसेनजीत आज ट्रॅक्टरवर नव्हता. तो आदल्या दिवशीच नोकरी सोडून आला होता. हलगी क्षणभर थांबली, तसा तो पायरीवर चढला आणि ओरडला,

"थांबा! हे खोटं हाय! आबा न्हाय म्हणालेच न्हाईत. मी तिथं होतो. आबा झोपले होते. दचकून उठले आणि 'हाय' म्हणाले. 'न' मी काढलाय. माझ्या डोक्यातनं निघालाय त्यो!"

मैदान चिडीचूप झालं. ट्रॅक्टरवर आबांचा 'न' जरा कलला. तानूबाई बोचकं सोडून उभी राहिली. आता काही तरी होणार, असं प्रसेनजीतला वाटलं.

गर्दीतून जोतीराम पुढे आला. त्याचं अख्खं घर गेलं होतं आणि म्हैस वाहून गेली होती. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे लागलं. त्याने नीट विचार केला आणि तो म्हणाला,

"झोपला आसंल. माणूस हाय, झोपतोच. पर आपल्या भाषेत जागा झाला का न्हाय?"

"झालाऽऽ!" मैदान गरजलं.

हलगी दुप्पट जोराने कडाडली. आबांचा 'न' सरळ झाला. लोक टाचा उंचावून बघू लागले, ज्यांच्याकडे मोबाइल होते त्यांनी ते वर धरले. प्रसेनजीत पायरीवर तसाच उभा होता. तेवढ्यात मागून कोणीतरी त्याच्या खांद्याला हात लावून, अगदी अदबीने म्हणालं,

"पावणं, जरा बाजूला व्हा की. आबा दिसंनात झालेत."

तो बाजूला झाला. म्हणून ती चित्रफीत स्वच्छ आली. लाखो लोकांनी ती बघितली. तुमच्याकडेही आली असेलच. तुम्ही ती पुढे किती जणांना पाठवलीत, ते तुम्हालाच ठाऊक. तानूबाई तिच्यात एका कडेला दिसते. ती बाजूला झालेल्या कोणाकडे तरी टक लावून बघते आहे. पण ट्रॅक्टर दुसऱ्या बाजूला असल्याने तेवढा भाग बहुतेकांनी कापून टाकला आहे.