समाधानी ग्राहकाचा ब्रेक

"कुणाकडे जेवायला गेलास आणि त्या घरच्या बाईनं विचारलं, कसं झालंय, तर छान झालंय म्हणायचं. मीठ पडलं नसलं तरी. बिचारी सकाळपासून राबलेली असते रे बाळा. आपल्या एका शब्दानं कुणाचं तोंड उतरू नये."

आईचा हा आवाज सरांच्या कानात लहानपणी शिरला आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिला. आई गेली, ते घर गेलं, आवाज मात्र राहिला. पुढे त्याचा पुरेपूर लाभ एका मोटार कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला झाला.

सर शाळेत भाषा शिकवत. मुलं त्यांना पाठीमागे 'अर्धा गुण सर' म्हणत, कारण उत्तर कितीही चोख असलं तरी शेवटचा अर्धा गुण सर स्वतःजवळ ठेवून घेत. "पूर्ण गुण फक्त देवाला," ते म्हणायचे, "आणि त्याचंही अक्षर मी अजून पाहिलेलं नाही." मुलं रडत. पण आईचा नियम मोठ्या माणसांच्या तोंडांबद्दल होता. मुलांची तोंडं उतरली तरी वाढत्या वयात ती आपोआप वर येतात, अशी सरांची समजूत होती.

सरांची बायको इस्पितळात परिचारिका होती. सारं गाव तिला सिस्टर म्हणे. सर तेवढे म्हणत नसत. घर टेकडीच्या माथ्यावर, इस्पितळ टेकडीच्या पायथ्याशी, आणि दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक उतार. तो असा सुटायचा, की वरून सोडलेला चेंडू थेट इस्पितळाच्या दारात जाऊन थांबावा. या उतारासाठीच नवी गाडी घेतली होती. गाडी सिस्टरनं चालवायची, सेवा केंद्राशी सरांनी बोलायचं, अशी वाटणी झाली होती. ती कुणी ठरवली नव्हती. सिस्टरनं फोन केला की पलीकडचा आवाज विचारायचा, "मॅडम, घरी कुणी आहे का?" म्हणून ती आपोआप ठरली.

गाडी आली तेव्हा मोत्यासारखी होती. उन्हात ठेवली तर ऊन लाजायचं, सावलीत ठेवली तर सावली उजळायची. खोट एवढीच होती, की ब्रेक दाबला तर पाय खाली जायचा आणि गाडी पुढे जायची.

"अहो, त्यांना सांगा," सिस्टर म्हणाली. "उतारावर मी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून बसते."

सर गेले. सेवा केंद्र टेकडीच्या माथ्यावरच होतं, सगळं काचेचं. तिथला सोफा इतका मऊ होता, की तक्रार करायला बसलेल्या माणसाला ताठ बसताच येऊ नये. समोरच्या पडद्यावर कंपनीची गाडी सारखी डोंगर चढत होती. उतरताना ती एकदाही दाखवली नाही.

सल्लागार आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पाटीएवढा पडदा.

"बोला सर, काय त्रास आहे?"

"ब्रेक दाबला तरी गाडी थांबत नाही लगेच."

"शेवटी थांबते ना?"

"शेवटी थांबते."

"मग 'ब्रेक कार्यरत' असं नोंदवतो," सल्लागार म्हणाला, आणि त्यानं तसं नोंदवलं.

संध्याकाळी गाडी मिळाली. ती धुतली होती, पुसली होती, आतून मोगऱ्याचा वास सुटला होता. काच पुसायची पाती बदलली होती, ती का बदलली हे विचारायला जागा नव्हती, कारण जुनी पाती 'नियमानुसार नष्ट' केली होती. बिलात ब्रेक सोडून गाडीचा प्रत्येक अवयव होता. सर पैसे भरून निघाले, तेवढ्यात सल्लागार दाराशी आला आणि त्यानं आवाज खाली आणला.

"सर, उद्या मुख्य कार्यालयातून फोन येईल. दहापैकी किती गुण, असं विचारतील. दहाच द्या हं."

"नऊ दिले तर?"

"नऊ म्हणजे नापास, सर."

सरांच्या अंगावर काटा आला. "नऊ म्हणजे नापास? अहो, नऊवाल्याचा मी वर्गात सत्कार करतो!"

"तुमच्या शाळेत करत असाल. इथे नऊ पडले की पगार कापतात, आठ पडले की बदली होते. सात पडलेला एक होता म्हणतात. तो काही परत कुणाला दिसला नाही." सल्लागाराचं तोंड बोलता बोलता उतरत गेलं. "नुकतंच लग्न झालंय, सर."

दुसऱ्या दिवशी फोन आला. आवाज साखरेच्या पाकात बुडवून काढलेला. सर म्हणाले, "तसं सगळं ठीक आहे, फक्त तो ब्रेक..."

"क्षमा करा, उत्तर फक्त आकड्यात द्या."

"दहा," सर म्हणाले. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत त्यांनी दिलेले हे पहिले पूर्ण गुण.

ब्रेक होता तसाच होता. सिस्टरनं पुन्हा सांगितलं, सर पुन्हा गेले. सल्लागारानं पडद्यावर बोट फिरवलं आणि चेहरा गंभीर केला.

"अडचण आहे, सर. तुम्ही मागच्या वेळी पूर्ण समाधानी होतात."

"पण ब्रेक..."

"ब्रेकसाठीच आला होतात आणि पूर्ण समाधानी होऊन गेलात. म्हणजे ब्रेक दुरुस्त झाला. दुरुस्त झालेल्या ब्रेकची तक्रार सिस्टीम घेत नाही."

"मग आता?"

"दुसरी काही तक्रार असेल तर सांगा, तिच्याखाली गाडी आत घेतो."

सरांनी विचार केला आणि मोगऱ्याचा वास जरा जास्त होतो, असं सांगितलं. गाडी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिला चाफ्याचा वास येत होता. बिल जास्त होतं, कारण चाफा महाग पडतो. "आणि सर, या वेळीही दहाच," सल्लागार काकुळतीनं म्हणाला. "कमी दिलेत तर मागच्या दहाची चौकशी लागेल." सरांनी दहा दिले. आता ते केवळ सल्लागाराला वाचवत नव्हते. आपल्याच आधीच्या दहांना जपत होते.

मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीलाही गाडी दाखवून पाहिली. मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच कपाळाला हात लावला. "कुणी हात लावला होता हिला?" असं विचारून तो आधीच्याला मनमुराद बोलला. मग म्हणाला, "मी उघडली तर कंपनीची हमी जाते. हमी संपली की आणा." आणि सर वळले तसा मागून ओरडला, "साहेब, तेवढे पाच तारे टाका ना नेटवर!" सरांनी पाच तारे टाकले. न उघडलेल्या बॉनेटला.

तिसऱ्या खेपेला प्रकरण व्यवस्थापकाकडे गेलं. व्यवस्थापकाच्या खोलीत गारठा होता आणि भिंतभर सन्मानचिन्हं. त्यानं सरांना अत्यंत आदरानं बसवलं.

"गाडी घरी कोण चालवतं?"

"बायको."

"तरीच!" व्यवस्थापक खुर्चीत मागे रेलला. "मॅडम ब्रेक फार वापरतात. आम्ही मोजलंय. सर, ब्रेक जितका कमी वापराल तितका जास्त टिकतो. कित्येक ग्राहक वर्षभर ब्रेकला पाय लावत नाहीत. त्यांचे ब्रेक आजही नव्यासारखे आहेत."

"पण आमच्याकडे उतार आहे हो."

"उतार हमीत बसत नाही. उतार तुमचा आहे."

मग त्यानं सरांना वाढीव हमी दिली, अर्थात विकत. तिच्यात गाडीचे हलणारे भाग सोडून सगळं येत होतं. "आणि न हलणारे भाग बिघडले तर?" सरांनी भीत भीत विचारलं. "ते बिघडत नाहीत," व्यवस्थापक अभिमानानं म्हणाला. "म्हणून तर हमी देतो."

त्या संध्याकाळी सर घरी आले तेव्हा त्यांचे खांदे पडले होते. तरी पायातल्या चपला काढता काढता ते म्हणाले, "आज स्पष्टच बोललो मी त्यांच्याशी. थेट व्यवस्थापकाशी. उद्या बघ ब्रेक कसा लागतो ते."

दुसऱ्या दिवशी सिस्टर कामावरून आली. सर दारातच उभे होते.

"लागला?"

सिस्टरनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल लावणारा माणूस आज निकाल ऐकायला उभा होता. "लागला," ती म्हणाली. "छान लागतोय."

त्यानंतर घरात सुख नांदलं. गाडी रोज सकाळी फाटकातून बाहेर पडे, रोज संध्याकाळी फाटकातून आत येई. सिस्टर हल्ली लवकर निघे, तेवढाच फरक. आणि एक चमत्कार झाला: पेट्रोल जवळजवळ लागेनासं झालं. सरांनी हे कौतुकानं सेवा केंद्राला कळवलं. सेवा केंद्रानं मुख्य कार्यालयाला कळवलं. मुख्य कार्यालयानं सरांच्या फोटोसकट ते जाहिरातीत छापलं, आणि पाठोपाठ निमंत्रण आलं. 'अखंड समाधानी ग्राहक' म्हणून सरांचा जाहीर सत्कार होणार होता, पायथ्याच्या मोठ्या सभागृहात. खाली एक विनंती होती: सत्कारमूर्तींनी आपल्या लाडक्या गाडीतूनच यावं.

त्या दिवशी सर नवा कोट घालून गाडीत पुढे बसले. पट्टा लावला. भाषणाचं पहिलं वाक्य पुटपुटून पाहिलं. सिस्टर चाकामागे बसली, पण किल्ली तिच्या मुठीतच राहिली.

"अगं, चल ना. उशीर होईल."

"अहो, उतरा खाली."

"का? काय झालं?"

"मी एकटी असते तेव्हा माझं मी निभावून नेते. तुम्हाला घेऊन नाही मी हा उतार उतरायची." ती समोरच्या काचेकडे बघत बोलत होती. "ब्रेक लागत नाही. एकदाही लागला नाही."

"तू तर म्हणालीस..."

"काय म्हणणार होते? तुम्ही दारात असे उभे होतात, की माझ्याच्यानं नाही म्हणवेना. मी उतार लागायच्या आधीच, वळणावरच्या झाडाखाली गाडी लावते आणि पायी खाली जाते. संध्याकाळी पायी वर येते, गाडीत बसते, आणि गाडी घेऊन घरी येते."

"रोज?"

"पावसात छत्री घेऊन."

"आणि ते पेट्रोल..."

"झाडाखाली उभ्या गाडीला पेट्रोल कशाला लागेल हो?"

 रोज रात्री ती गुडघ्याला तेल लावत बसायची, आणि ते समोर बसून म्हणायचे, तुमच्या इस्पितळात फार उभं करतात बुवा. त्यांनी पट्टा सोडला. उतरले. दोघं उतार चालू लागली. तो पायाखाली असा ओढत होता, की कोट घातलेल्या माणसालाही पळावं लागावं. सिस्टर कडेनं चालत होती, एक पाय आडवा टाकत, सवयीनं.

सभागृहाचं वाहनतळ मैदानाएवढं होतं. पांढऱ्या रेघा आखलेल्या, हातमोजे घातलेले रखवालदार हात करायला उभे, आणि गाडी एकही नाही.

"कार्यक्रम रद्द झाला का?" सरांनी विचारलं.

"छे हो! सभागृह खचाखच भरलंय," रखवालदार म्हणाला. "पाहुणे आलेत. गाड्या तेवढ्या आल्या नाहीत."

आत खरोखरच पाय ठेवायला जागा नव्हती. निवडक समाधानी ग्राहक सहकुटुंब आले होते. सिस्टर मागे भिंतीला टेकून उभी राहिली. सरांना मंचावर नेलं, पुष्पगुच्छ दिला, चिन्ह दिलं. व्यवस्थापकानं त्यांच्या समाधानाचा इतिहास सांगितला, सल्लागारानं डोळे पुसले. मग ध्वनिक्षेपक पुढे सरकवत व्यवस्थापक कुजबुजला, "दोन शब्द, सर. गोडच बोला."

सरांनी खाली पाहिलं. मंचावरून माणसांच्या आधी त्यांचे पाय दिसतात. पहिल्या रांगेतले उंची बूट घोट्यापर्यंत धुळीनं माखले होते. दुसऱ्या रांगेतल्या बाईनं टाचेला पट्टी लावली होती. तिसऱ्या रांगेतला जाडगेला गृहस्थ अजून धापा टाकत होता.

"माझ्या गाडीचा ब्रेक लागत नाही," सर म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यवस्थापक हसून म्हणाला, "सरांचा विनोद!"

"लागत नाही. घेतल्या दिवसापासून लागत नाही. माझी बायको रोज हा उतार पायी उतरते, आणि तुम्ही विचारलंत की मी दहा म्हणतो."

टाळ्या थांबल्या. व्यवस्थापकाच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच राहिलं. "हे आधी सांगायला हवं होतं, सर," तो दुखावल्या आवाजात म्हणाला. "आमच्याकडे तर तुमचं समाधान नोंदलेलं आहे. एकट्या तुमचं नाही, या सगळ्यांचं आहे."

"हो ना," सर म्हणाले, आणि सभागृहाकडे वळले. आवाज वर्गातला होता. "गाडीतून कोण कोण आलंय, हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. धुळीनं भरलेले बूट तेवढे एकेक करून खुर्च्यांखाली ओढले गेले.

"कुणीच नाही? मग दहापैकी दहा दिले कुणी?"