बॉल मागं टाका

खुमेंद्र बिसेन सर चिचगडच्या शाळेत भूगोल शिकवत. क्रीडाशिक्षकांची बदली झाली आणि मुलींची रग्बी त्यांच्याकडे आली, कारण कामांचं वाटप झालं त्या दिवशी ते एकटेच सुट्टीवर होते. सरांनी रग्बी कधी पाहिली नव्हती. पण अंगावर आलेलं काम वरवर करणं त्यांना जमत नसे. ते मोबाईलवर परदेशी सामने पाहत बसले आणि त्यांना एक गोष्ट उमगली. मोठे संघ बॉल कवटाळून धावत सुटत नाहीत. ते तो लाथेनं विरोधकांच्या पाठीमागे, मोकळ्या जागेत टाकतात. समोरचे वळून पळतात, दमतात, आणि खेळ आपोआप त्यांच्या हद्दीत सरकतो.

"बॉल छातीशी धरून मार कायले खाता?" सर मुलींना म्हणाले. "मागं टाका. त्यायलेच पळू द्या."

कर्णधार रचना मेश्रामला हे पटलं नाही. पळण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं, आणि हातात आलेला बॉल आपणहून परत देणं तिला शुद्ध येडेपणा वाटे. पण तिच्याच पायात सगळ्यात जोर निघाला, त्यामुळे लाथ मारायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

जिल्ह्याची फायनल चिचगडलाच होती, गोंदियाच्या संघाशी. जिंकणारा संघ नागपूरला जाणार होता. हरलात तर रग्बी बंद, पुढच्या वर्षीपासून लेझीम, असं मुख्याध्यापकांनी बजावून ठेवलं होतं.

पहिल्या हाफमध्ये सरांची युक्ती चालली. रचना बॉल लांब टाकी आणि गोंदियाच्या मुली उलट्या धावत. त्यांचे कोच भूपेंद्र सर वैतागले आणि त्यांनी आपल्या बहुतेक मुली मागे नेऊन उभ्या केल्या. पण रग्बीचा बॉल अंड्यासारखा लांबट. टप्पा खाऊन तो कुठे उडेल याचा नेम नसतो. हाफ संपता संपता त्यानं कुंपणाची भिंत ओलांडली आणि तो पलीकडे राहणाऱ्या सुशिलाबाईंच्या अंगणात, वाळत घातलेल्या धानात जाऊन पडला.

बॉल आणायला सर स्वतः गेले. घाईत ते बुटांसकट धान तुडवत गेले आणि मागचं फाटक उघडंच राहिलं. त्यातून शेजारच्या शेळ्या आत आल्या. सरांनी शेळ्या हाकलल्या, तर त्या बाहेर जायच्या ऐवजी धानाच्या मधोमध गोल फिरल्या. सुशिलाबाई ओट्यावर बॉल मांडीत घेऊन हे सगळं शांतपणे पाहत होत्या. मग त्यांनी सरांच्या हाती झाडू दिला.

दुसरा हाफ राखीव बॉलवर सुरू झाला. तोही थोड्याच वेळात भिंतीवरून आला आणि सरांनी नुकत्याच सारख्या केलेल्या ढिगात घुसला. मैदानात आता बॉलच उरला नाही. रचना पळत भिंतीपाशी आली.

"काकू, एक तरी बॉल द्या जी," सर म्हणाले. "पोरी खोळंबून राहिल्या."

"पुन्हा इकडं आला तं?" सुशिलाबाईंनी विचारलं.

"नाही येणार."

"मंग बॉल जाऊ द्या. मास्तर इथंच राह्यतील."

सरांनी भिंतीवरून बॉल दिला. "रचना, आता लाथ मारू नका," ते म्हणाले. "काही झालं तरी मारू नका." आणि ते पुन्हा झाडू घेऊन बसले.

हे बोलणं गोंदियाच्या संघानं ऐकलं नव्हतं. त्यांच्या मुली लांब मागे, किकची वाट पाहत उभ्या होत्या. रचनानं बॉल घेतला, सवयीनं पाय मागे नेला, तशा त्या आणखी मागे सरकल्या. तेवढ्यात तिला सरांचं सांगणं आठवलं. तिनं पाय खाली ठेवला. समोर पाहिलं तर रान मोकळं होतं. ती पळत सुटली आणि गोंदियाच्या मुली वळून गोळा होईपर्यंत तिनं रेषेपलीकडे बॉल टेकवून गुण घेतले. मग हेच तिनं पुन्हा केलं. भूपेंद्र सर ओरडून मुलींना पुढे बोलवत होते. पण त्या पुढे आल्या की रचना नुसता पाय मागे नेई आणि त्या परत मागे धावत.

झाडलोट संपवून सर मैदानात आले, तेव्हा चिचगडच्या मुली नाचत होत्या. भूपेंद्र सरांनी त्यांचा हात हातात घेतला.

"मान गये, बिसेन सर. पहिल्या हाफमध्ये किक दाखवून आम्हाले मागं नेलं, आन दुसऱ्यात बंद. हे कवा ठरवलं?"

बिसेन सरांना काय झालं ते अजून नीट कळलं नव्हतं. ते रचनाकडे पाहू लागले.

"ऐन टायमाले सांगतलं सरनं," रचना म्हणाली. तिच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं.

मुख्याध्यापकांनी सरांना हार घातला. तो घालून घेतानाही सर विचारातच होते. गर्दी पांगल्यावर रचनानं त्यांना गाठलं.

"सर, नागपूरले कसं खेळाचं?"

सरांनी बुटातलं धान झटकलं.

"तुमी खेळजा," ते म्हणाले. "मी बाहेर कुठं तरी जाऊन बसतो."