मुजावर सरांची कागदावरची खोली

मुजावर सर कागदावर टकटक करायचे. टेबलावर ड्रॉइंग पेपरची गुंडाळी उलगडायची, चार कोपऱ्यांवर डस्टर, दौत, कंपासपेटी आणि कुणाचा तरी चष्मा ठेवायचा, आणि कागदावर काढलेल्या दारावर बोटाच्या पेरानं दोनदा हलकेच वाजवायचं. मगच आतलं दाखवायचं. मी पहिल्यांदा विचारलं, "सर, हे काय?" तर म्हणाले, "आवं, आत कुणी बोलत बसलं असलं तर?"

आत कुणी नव्हतं. ती खोली अजून कुठंच नव्हती.

आष्ट्याच्या हायस्कुलात ते चित्रकला शिकवत आणि मी मराठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साताऱ्याच्या एका प्रशिक्षणात कुणा तज्ज्ञांनी सांगितलं, की लवकरच संगणक एकमेकांना जोडले जातील. साताऱ्याचे आणि सांगलीचे शिक्षक आपापल्या शाळेत बसून एकाच ठिकाणी भेटतील, पाठ मिळून तयार करतील, शंका विचारतील. आम्ही बाकीचे जेवणाच्या सुट्टीकडे डोळे लावून बसलो होतो. मुजावर सरांनी हात वर केला. "एकाच ठिकाणी म्हंजे कुठं? त्या जागेचा नकाशा कुणी काढलाय का?"

तज्ज्ञ हसले. नकाशा कुणीच काढला नव्हता. सर आष्ट्याला परतले ते ही जबाबदारी आपल्याच गळ्यात पडली आहे अशा चेहऱ्यानं.

शाळेत तेव्हा संगणक नव्हता. टेलिफोन होता, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीत, कुलूप लावलेला. पण सरांचं एकच पालुपद: "वायर काय, मागनं बी येईल. आधी खोली तर काढून ठेवू."

खोली रोज वाढत होती. गणितवाले आणि भाषावाले समोरासमोर बसवायचे नाहीत, तिरके बसवायचे, म्हणजे भांडणं कमी. पेपर तपासताना उजेड डावीकडून यावा म्हणून खिडक्या पूर्वेला. चपला काढायला जागा. दुपारी ऑफ तासाला ते त्या खिडक्यांतून पडणारं ऊन पेन्सिलीनं जमिनीवर पसरत बसत. बाहेर खऱ्या शाळेवर गुऱ्हाळाचा गोड वास तरंगत असे, आणि मला कधीकधी वाटे, तो कागदातूनच येतोय.

आमचे खेळाचे शिंदे सर एकदा त्यावर वाकून म्हणाले, "मुजावर, पिंक टाकायची सोय केलीस का रं?"

"खिडकी हाय की. खाली तुमचीच खुर्ची ठेवलीया."

एका संध्याकाळी ते गुंडाळी घेऊन आमच्या घरी आले. माझ्या बायकोनं, सुधानं, सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "आणि शिक्षकांच्या बायकांची काय सोय?" सर चपापले. "चुकलंच बघा वहिनी." तिथल्या तिथं त्यांनी खिडकीशी चहाचा कोपरा काढला. एक स्टोव्ह, एक स्टूल. "ह्ये तुमचं."

सगळ्यात आतली खोली मात्र अगदी छोटी होती. तिच्यावर पाटी होती: 'मला येत नाही'.

"स्टाफरूममधी कवा कुणी म्हटलंय का, की मला ह्ये येत न्हाई म्हणून?" सर म्हणाले. "सगळ्यांना सगळं येतंय. आन् मग घरी जाऊन गाईड बघत्यात. वायर आली न् ह्या खोलीत कुणी आलंच न्हाई, तर बाकीचं बांधकाम फुकट गेलं म्हणायचं."

तेवढ्यासाठी सराव हवा, म्हणून त्यांनी एक वही स्टाफरूमच्या खिळ्याला दोऱ्यानं टांगली. वर तेच नाव. मुख्याध्यापक हादरले. "मुजावर, तपासणीला साहेब आले आणि ही वही उघडली तर? शिक्षकांना येत नाही, असं लेखी?" तेव्हापासून तपासणीच्या दिवशी वही चित्रकलेच्या कपाटात मातीच्या फळांखाली जाऊ लागली.

पहिली नोंद सरांनीच केली. 'झाडाचं पाण्यातलं प्रतिबिंब मला काढता येत नाही. बावीस वर्षं शिकवतो आहे.' मग ते वाट बघत बसले. शिंदे सरांनी लिहिलं, 'मला शनिवारी सकाळच्या शाळेला उठता येत नाही.' आम्ही हसलो. सरांनी त्याखाली पाच ओळी गंभीरपणे उत्तर लिहिलं. रात्री दोन तांबे पाणी पिऊन झोपावे, वगैरे.

प्रशिक्षणात ओळख झालेल्या खंडाळ्याच्या एका शिक्षकांकडे महिन्यातून एकदा ती वही एसटीनं जाऊन यायची. परत यायची तेव्हा तिकडचं पान कोरंच असायचं. एकदा पानावर चहाच्या कपाचा तपकिरी गोल उमटलेला होता. सर दिवसभर खुशीत. "कुणीतरी वही घिऊन बसलं हुतं बघा."

मी ती वही रोज वाचायचो. नववीच्या पुस्तकातली एक कविता मला कधीच शिकवता आली नाही. 'वेळ नाही, घरी वाचा' असं सांगून मी पंधरा वर्षं काढली होती. पण लिहिलं नाही. सर मला विचारायचेही नाहीत. फक्त वहीजवळची पेन्सिल रोज टोक काढलेली असायची.

त्या फेब्रुवारीत सुधा गेली.

दिवस घालून मी शाळेत आलो, तेव्हा प्रत्येकजण काहीतरी बोलला.  ऑफ तासाला मुजावर सरांनी गुंडाळी उलगडली, टकटक केली आणि फळ्यावर सुविचार लिहायला निघून गेले. मी कागदाकडे पाहत राहिलो. त्यांच्या खिशात खोडरबर कायम असायचं. तरी खिडकीशी सुधाचा स्टोव्ह तसाच होता. स्टूलही होतं. तिथं ऊन जरा जास्त पसरवलेलं होतं.

मी उठलो, वही खिळ्यावरून काढली आणि लिहिलं, 'मला एका कपाचा चहा करता येत नाही. रोज दोन कप होतो.'

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर होतं. प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहायचे त्याच वळणदार अक्षरात: 'मलाही आजवर आलेलं नाही. दोनच कप करावा. साडेपाचला येतो.'

त्यांच्या पत्नीला जाऊन बारा वर्षं झाली होती. आम्ही सगळे ते विसरून गेलो होतो. मीसुद्धा, शेजारच्या खुर्चीवर बसून.

संध्याकाळी मी दोन कप चहा ठेवला. तो उकळायला लागला. पुढचं दार सताड उघडं होतं. तरी चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा, अगदी हलकेच वाजलं.